तोंड बांधायचा मान

आश्विन लागला की माझं डोकं तापतं. लोकांचं वैशाखात तापतं, माझं आश्विनात. खरं तर तक्रार करावी असं त्या दिवसांत काही नसतं. चिखल वाळलेला असतो, उन्हात चटका आणि सावलीत गारवा असतो, बालाघाटच्या बाजारात शिंगाडे आलेले असतात. संध्याकाळी गावाबाहेरून वारा सुटला की निसवत्या धानाचा वास येतो. कोवळा, ओलसर, थोडा दुधाचा. धानाच्या मुलखात वाढलेल्या माणसाच्या तो थेट पोटात उतरतो. माझ्याही उतरतो, आणि त्याच्या मागोमाग राग चढतो. माझा नवरा अशा वेळी गुपचूप सायकल काढून चौकात जातो. मुलगी म्हणते, आईचा सण आला.

यंदा निमित्त झालं तिच्या भूगोलाच्या पुस्तकाचं. पोरगी सहावीत, शाळा हिंदी. जवळपास मराठी शाळा उरली आहे कुठे? ओसरीत बसून ती मोठ्यानं पाठ करत होती, वैनगंगेला कोणकोणत्या नद्या मिळतात ते. शेवटी एक वाक्य असं आलं की छोटे छोटे नाले आनंदानं आपलं सर्वस्व मोठ्या नदीला अर्पण करतात. मी भाकरी थापत होते. पिठाचे हात घेऊन तशीच बाहेर आले आणि विचारलं, आनंदानं, हे कोणी सांगितलं? नाल्यानं? ती बिचारी बावरली. म्हणाली, आई, पेपरात हेच लिहावं लागतं. लिही बाई, म्हटलं, पेपरात लिही. पण खरं मानू नको.

आणि मी तरी कोणत्या तोंडानं बोलते? मी स्वतः मास्तरीण. फळ्यावर दर वर्षी मीच काढते एक जाड रेघ, वरून खाली, आणि तिला दोन्ही बाजूंनी येऊन मिळणाऱ्या बारीक रेघा. जाड रेघेला नाव देते. बारीक रेघांपैकी दोन-चारांना देते, बाकीच्या नुसत्याच. तास संपला की पुसून टाकते. बारीक रेघा आधी पुसल्या जातात, फडकं जरा फिरलं तरी. मग घरी येते आणि चिडचिड करते.

नदीचं कौतुक कोण करत नाही? वैनगंगेच्या घाटावर लोक दिवे सोडतात, ओटी भरतात, मेलेल्याच्या अस्थी सोडतात. नाल्यावर कोणी दिवा सोडलेला पाहिला आहे? नाल्यावर माणसं सकाळी लोटा घेऊन कशाला जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे. आणि तेच पाणी कोसभर पुढे जाऊन नदीत पडलं की त्याला हात जोडायचे. मला हे कधी पचलं नाही. देवपण पाण्यात असेल तर ते वरून आलं, नाल्यातूनच आलं. नसेल, तर मग घाटावर एवढी गर्दी काहून?

आमच्या गावच्या नाल्याचं नाव जांभूळनाला. नकाशात शोधू नका, नाही सापडायचा. गाव रामपायलीच्या बाजूचं, बाजार रामपायलीला. नाला गावाला अर्धा वेढा घालून खाली वैनगंगेला मिळतो. उन्हाळ्यात त्याच्यात वाळू आणि म्हशी. पावसात तो असा दांडगा की पलीकडच्या शेतात गेलेली बाई संध्याकाळपर्यंत अडकून पडायची. आश्विनात मात्र तो कामाचा. मांडीइतकं स्वच्छ पाणी, खाली गोटे दिसतात, आणि काठावरच्या जांभळीची पिवळी पानं एक एक करून नदीकडे निघालेली.

मी त्या गावात सून म्हणून आले तेव्हा नागपूरच्या दीक्षेला दोन वर्षं झाली होती. माझं माहेर भंडाऱ्याकडचं. राज्यांची मोडतोड झाली तेव्हा माहेर तिकडे मुंबई राज्यात गेलं आणि सासर इकडे मध्य प्रदेशात राहिलं. सासरचंच पाणी वाहत माहेरी जायचं, मला मात्र वर्षातून एकदा धाडायचे. सातवी पास झालेली सून म्हणून माझा थोडा दरारा होता, पण म्हणून काही नाव वाचलं नाही. लग्नात सासूनं, म्हणजे आत्याबाईंनी, ते बदललंच. आमच्यात आता देव नाहीत, पूजा नाही, पण सुनेचं नाव बदलायची रीत मात्र राहिली होती. लाज नाही वाटली कोणाला. एक मामाजी तेवढे, माझे सासरे, दुसऱ्याच दिवशी पाणी मागताना म्हणाले, "तुह्या माय-बापानं काय नाव ठेवलं होतं, पोरी?" मी सांगितलं. त्यांनी मरेपर्यंत मला त्याच नावानं हाक मारली.

मामाजी बुटके, खांद्यानं रुंद, बोलायला कमी. गावात त्यांना मोठा मान होता असं सगळे सांगत. कसला मान, ते ऐका.

आश्विनात धान पोटरीत येतं, म्हणजे कणीस अजून पानाच्या पोटात असतं. मग ते बाहेर येतं, निसवतं, आणि दाण्यात दूध भरतं. या पंधरा-वीस दिवसांत बांधीत पाणी हवंच. बांधी म्हणजे आमचं धानाचं शेत, चारी बाजूंनी मातीचा धुरा घातलेलं. पाऊस तेव्हा हात आखडता घेतो. म्हणून पोळा झाला की गाव जांभूळनाल्यावर कच्चा बांध घालायचं. बांबूचे खुंट, त्यात विणलेल्या फांद्या, पळसाची पानं, भिजवलेली तनस, म्हणजे धानाचा पेंढा, आणि काळी चिकण माती. दोन्ही काठांकडून बांध पुढे यायचा आणि मध्ये दहा-बारा हातांचं तोंड राहायचं. ते बांधणं हेच खरं काम. सगळा नाला त्या तोंडातून धावत असतो, माती टाकली की वाहून जाते. मग माणसं पाण्यात उतरायची, एकमेकांच्या कमरेला हात घालून, पाठ प्रवाहाकडे करून, भिंतीसारखी उभी राहायची. त्यांच्या पाठीवर पाणी अडायचं आणि त्यांच्या पोटापुढे बाकीचे तनस आणि माती भरत जायचे. दोन-दोन तास. अंगावर माती चढत जायची, पाय सुन्न व्हायचे, पण हलायचं नाही. एक हलला की सगळे गेले.

हे उभं राहायचं काम आमच्या टोलीचं, म्हणजे गावाबाहेरच्या आमच्या वस्तीचं. कधीपासून, कोणाला ठाऊक नाही. गाव याला मान म्हणायचं. तोंड बांधायचा मान टोलीचा, आणि मधोमध उभं राहायचा मान मामाजींचा. बांध पुरा झाला की मालक काठावर येऊन नारळ फोडायचे. मालगुजारी, म्हणजे त्यांची जमीनदारी, कायद्यानं गेली होती, पण मालक कुठे जातात? गावातले निम्मे धुरे अजून त्यांचेच होते. नारळाचा तुकडा आमच्या लोकांना वरून टाकायचे, हातात नाही.

आणि पाणी? बांधापासून निघालेला पाट आमच्याच बांध्यांच्या धुऱ्याला घासून जायचा. आमची शेतं बांधाला लागून, पाटाच्या सुरुवातीलाच. पण पाटाला आमच्याकडे तोंड फोडायचं नाही. आधी मालकांच्या बांध्या, त्या दूर टोकाला. मग गावातल्या बाकीच्यांच्या. सगळ्यांचं झालं की आमचं. तोवर पाटात चिखल आणि बेडक्या उरायच्या. मी पहिल्याच आश्विनात, डोक्यावर पदर, पोटात माझा थोरला, धुऱ्यावर उभी राहून ते पाणी आमच्या पुढून जाताना पाहिलं. आमचं धान वाऱ्यानं हलत होतं आणि हातभर अंतरावरून पाणी वाहत चाललं होतं दुसऱ्याकडे. सकाळपासून उपाशी बसलेल्या पोरापुढून ताट नेऊन शेजाऱ्याला वाढावं तसं. मी आत्याबाईंना विचारलं, हे असं काहून? त्या म्हणाल्या, असंच असते. ही दोन शब्दांची गोळी आमच्या बायांना जन्मल्याबरोबर देतात.

पुढच्या वर्षी पोळ्यानंतर मालकांचा माणूस सांगावा घेऊन आला, उद्या तोंड बांधायला या. टोलीत त्या पावसाळाभर बोलणं चाललेलं होतं. ढोरं ओढणं सोडलं, मेल्याचा सांगावा नेणं सोडलं, मग हा मान तेवढा कशाला ठेवायचा? मामाजी एकटे मालकांच्या वाड्यावर गेले. त्यांनी आल्यावर जेवताना सांगितलं ते असं. अंगणात खाली उभे राहून ते म्हणाले की टोली यंदाही पाण्यात उभी राहील, काम चोख करील. फक्त पाणी पाटाच्या क्रमानं द्या. ज्याची बांधी आधी लागते त्यानं आधी घ्यावं, शेवटी सगळ्यांनाच मिळेल. मालक आधी हसले. मग म्हणाले, बापजाद्यापासून चालत आलेला मान आहे तुमचा, तो एका पाटासाठी घालवता का?

मामाजी म्हणाले, "मान तुमीच ठेवा, मालक. आमाले पाळी द्या."

तो मनुष्य जन्मात असं बोलला नव्हता. सांगतानासुद्धा त्यांचा घास हातातच राहिला होता. आत्याबाई चुलीपुढून म्हणाल्या, झालं, आता खा तुमची पाळी. मला मात्र असं वाटलं की उठावं आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवावं. ठेवलं नाही. आमच्यात आता ते बंद होतं.

पाळी मिळाली नाही, हे सांगायला नकोच. गावात काय माणसं नाहीत का, म्हणून मालकांनी गावातलीच माणसं जमवली. बैलगाड्यांनी दगड आणले. दगड! भिजल्या तनशीला जे जमतं ते दगडाला जमत नाही, हे टोलीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण विचारणार कोण, आणि कोणाला? आम्ही सगळे पलीकडच्या काठावर बसून पाहत होतो. मामाजी उकिडवे, तंबाखू चोळत. गावची माणसं पाण्यात उतरली ती छाती प्रवाहाकडे करून. पाणी नाकातोंडात जायला लागलं की मागे सरायची. कसंबसं तोंड बांधलं.

आमच्याकडे बांधाच्या तळाशी एक वीतभर भोक ठेवत. त्याला नाक म्हणत. बांध ओला होऊन बसेपर्यंत, म्हणजे दुसऱ्या दिवशीपर्यंत, नाकातून थोडं पाणी जाऊ द्यायचं. मग ते हळूच बुजवायचं. गावच्यांनी पहिल्या तासातच नाक बुजवलं. पाणी वाया जातं म्हणून! मामाजींना ते पाहवेना. भांडण असो नसो, कामाचा अपमान त्यांना सहन होत नसे. ते उठून उभे राहिले आणि ओरडले, नाक बुजवू नोका, फुटंल. तिकडून कोणीतरी हसून म्हणालं, आता हे आमाले शिकवतील. मामाजी परत बसले. त्यांनी तंबाखू फेकून दिली.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी बांध फुटला. मी घरी कांडत होते. आवाज असा आला की मला वाटलं झाड पडलं. धावत गेलो तर नाल्यात नुसता गाळ, दगड, फांद्या, आणि गावाचं सगळं पाणी धडधडत वैनगंगेकडे चाललेलं. घटकाभरात साठलेलं सगळं संपलं, उरली ती नाल्याची नेहमीची धार. तिथे घाटावर कोणी आंघोळ करत असेल तर त्याला कळलंही नसेल, पाणी बोटभर वाढलं की नाही ते. एका गावाचं वर्षाचं जेवण नदीत पडलं आणि नदी ढिम्म. हे ते आनंदानं अर्पण करणं.

आता आमचं ऐका. आमच्या घरी दीड एकराची एकच बांधी. त्यात आत्याबाईंनी लुचईचं धान लावलं होतं, बियाणं त्यांनीच वर्षभर मडक्यात राखेत ठेवून जपलेलं. ते धान म्हणजे आमचं वर्ष. नवरा उकव्याच्या खाणीत होता, मँगनीजच्या, महिन्यातून एकदा बसनं यायचा. त्याच्या पगारात मीठ-मिरची, कापड आणि बसभाडं निघे. भात बांधीतूनच यायचा. आणि बांधीला भेगा पडायला लागल्या होत्या. पोटरीतलं कणीस बाहेर यायला बघत होतं आणि खाली माती टणक होत होती.

आम्ही बायांनी घागरींनी पाणी घालून पाहिलं. नाल्यातून भरायची, चढ चढायचा, धानाच्या मुळाशी ओतायची. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मी घागर आपटली. दीड एकर काय घागरींनी भिजतं? आत्याबाई त्या दोन दिवसांत तोंडानं एक क्षण थांबल्या नाहीत. सगळा राग मामाजींवर. तत्त्व खा, म्हणाल्या. तत्त्वाची पेज करून लेकराले पाजा. मामाजी रोज जाऊन त्या फुटक्या बांधाकडे बघून येत.

मग त्यांनी ठरवलं. गावचा बांध होता त्याच्या खाली, नदीपासून हाकेच्या अंतरावर, नाला अरुंद होतो. तिथे टोलीचा आपला लहान बांध. पाणी आमच्या बांध्यांपर्यंत चढेल एवढाच. आणि, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, त्यांनी गावात निरोप पाठवला. घरोघर. ज्यांचं धान वाळून राह्यलं त्यानं यावं, आमच्या बाजूला पाण्यात उभं राहावं आणि पाळीनं पाणी घ्यावं. पाट लांबवता येईल. मालकांच्या घरीसुद्धा निरोप गेला.

एक माणूस आला नाही. एक! गावात काही सगळे मालक नव्हते. आमच्यासारखीच एक-दोन बांधीवाली कितीतरी घरं होती, त्यांची धानं आमच्यापेक्षा आधी पिवळी पडत होती. पोरांच्या तोंडचा भात डोळ्यांदेखत वाळत होता आणि तरी त्यांचे पाय निघाले नाहीत. कमरेला हात घालून उभं राहावं लागतं ना! आमच्या कमरेला. धान गेलं तर गेलं. पंधरा-सोळा वर्षं झाली, मी अजून याचा हिशेब लावते आणि लागत नाही. मालकांचा राग मला समजतो, त्यांना गमवायला होतं. पण या बाकीच्यांनी काय वाचवलं?

आमच्यापुढे दुसरीच अडचण. तोंडात उभं राहायला चौदा माणसं लागणार होती आणि टोलीत धडधाकट पुरुष नऊच होते. बाकीचे कोणी खाणीत, कोणी गोंदियाकडे बिडीच्या कामाला. बायांनी तोंडात उतरायची रीत नव्हती. बाई उतरली की बांध टिकत नाही असं म्हणत. म्हणणारे कोण, ज्यांना तो कधी टिकवायचा नव्हता ते. सकाळी सगळी तयारी झाली, खुंट ठोकले, तनस भिजली, माती मळून झाली, आणि पुरुष काठावर उभे राहून एकमेकांकडे बघत राहिले. मी पदर खोचला, पण सून ना मी, आधी कशी उतरू?

तेवढ्यात बाजूनं पाण्याचा आवाज आला. आत्याबाई. लुगडं गुडघ्यावर ओढून घेतलेलं, कपाळाला आठ्या, तोंड तसंच चालू. सगळ्यांच्या आधी त्या पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या, मधोमध, मामाजींच्या जागेवर, आणि काठाकडे बघून म्हणाल्या, "आता काय मुहूर्त पाहून राह्यले?"

मग आम्ही चौघी उतरलो. मामाजी आत्याबाईंच्या बाजूला येऊन उभे राहिले. उभ्या जन्मात त्या दोघांनी चारचौघांत एकमेकांना हात लावला नसेल. त्या दिवशी कमरेला हात घालून दोन तास उभे होते. मामाजी सगळ्यांना सांगत होते, पान्याले पाठ द्या, तोंड नोका दाखवू. पाणी गार होतं, आणि पाठीवर त्याचा रेटा असा की कोणीतरी खांदा लावून ढकलतंय. पायाखालून वाळू सरकत होती. पोटापुढे माती चढत गेली, थंड, जड. मला पाय आहेत की नाहीत ते कळेना. एकदा माझा तोल गेला, तेव्हा आत्याबाईंची बोटं माझ्या कमरेत इतकी रुतली की पुढे चार दिवस वळ होते. वळवळू नोको, म्हणाल्या. बस्स. मी भूगोल शिकवते, नाला नदीला कसा मिळतो ते खडूनं दाखवते. पण पाणी जाताना किती जोर लावतं, ते मला पाठीनं माहीत आहे.

बांध टिकला. नाक दुसऱ्या दिवशी दुपारी मामाजींनी स्वतः बुजवलं. संध्याकाळी पाणी आमच्या बांधीत आलं. भेगांमधून आधी बुडबुडे निघाले, मग माती काळी पडत गेली. आत्याबाई धुऱ्यावर बसून रडल्या आणि मी पाहते आहे हे कळल्यावर मला पोराला दूध पाजायला धाडलं.

त्यानंतर नऊ दिवस पाणी मिळालं. मालकांनी कचेरीत अर्ज केला. आमच्या बांधानं त्यांचं काही अडत नव्हतं, त्यांचा पाट वरच्या बांधातून निघायचा, आमचा बांध त्याच्या खाली. तो मोडून त्यांना घोटभर पाणी मिळणार नव्हतं. तरी अर्ज केला, की टोलीनं सरकारी नाला अडवला. दहाव्या दिवशी कचेरीतून एक साहेब आले. जीप नाल्यापर्यंत येईना, म्हणून चालत आले आणि त्याचाही राग आमच्यावर. ते हिंदीत बोलत होते. नाला कोणाच्या घरचा नाही, सरकारचा आहे, असं बरंच काही. शेवटी म्हणाले, "छोटा पानी बड़े पानी में जाएगा. यही कायदा है."

मी मागे बायांत उभी होते. मला राहवलं नाही. पदर सावरला आणि म्हटलं, "साहेब, वर गावचा बांध दर साल होता. तवा हा कायदा कुठी गेलता?"

साहेबांनी मालकांकडे बघितलं. मालकांनी नाल्याकडे बघितलं. उत्तर द्यायचं नसतंच अशा वेळी, हुकूम द्यायचा असतो. तो दिला. बांध आत्ताच्या आत्ता मोडा. मामाजींना म्हणाले, तुम्ही बांधला, तुम्हीच मोडा. मामाजी म्हणाले, बांधायचं काम आमाले येते, मोडायचं नाही येत. आणि हाताची घडी घालून उभे राहिले.

मग मालकांनी हाक मारली. आणि गावातून माणसं आली हो! जे धान वाळताना आले नाहीत, निरोप धाडला तेव्हा आले नाहीत, ते आले. कुदळी घेऊन, पावडी घेऊन, धोतरं वर करून. पाण्यात उतरले. आमचं पाणी अंगाला लागलं, त्याचं त्या दिवशी काही वाटलं नाही कोणाला. आमच्याबरोबर बांधायला त्यांच्यात एक माणूस निघाला नव्हता, मोडायला तीस-चाळीस होते. मातीत आमच्या बायांच्या पावलांचे ठसे अजून होते. वेळ फार लागला नाही. मधला भाग खचला, पाणी एकदम सुटलं आणि नदीकडे धावलं. पलीकडे कोणीतरी टाळी वाजवली.

मी पोराला इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं. आत्याबाई शिव्या देत होत्या, नाव घेऊन, एकेकाच्या सात पिढ्यांना. मामाजी मात्र नाल्याकडे बघतच नव्हते. ते वळले आणि आमच्या बांधीत शिरले. मला वाटलं, त्यांना ते पाहवत नाही. मी मागे गेले. ते कमरभर धानात वाकून उभे होते. एका कणसाला मुठीत धरून त्यांनी त्यातला एक दाणा तोडला आणि अंगठ्याच्या नखानं चेपला. मग दुसऱ्या कोपऱ्यात गेले, तिथला चेपला. मग तिसऱ्या. मला जवळ बोलावलं आणि माझ्या तळहातावर एक दाणा ठेवून चेपला. पांढरं घट्ट दूध बाहेर आलं आणि माझ्या हाताच्या रेषेत पसरलं.

"भरलं," मामाजी म्हणाले. "आता जाऊ दे त्या पान्याले नदीले."